प्रीगॅबालिन: क्रिएटिनिन बघितलंय का?

प्रीगॅबालिन ही फिटची गोळी चिंतेसाठी देणं म्हणजे पेशंटवर प्रयोग, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. ते मला पटत नाही. युरोपात प्रीगॅबालिनला जनरलाइज्ड अँक्झायटीसाठी (कायम मागे लागलेली, आवरता न येणारी चिंता) २००६ पासून रीतसर मान्यता आहे. अमेरिकेत त्या आजारासाठी मान्यता नाही, म्हणून तिथे तोच वापर ऑफ-लेबल, म्हणजे मान्यतेबाहेरचा, ठरतो. पण 'झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही, बिनधास्त घ्या' हा इथे खाली कुणीतरी दिलेला सल्ला कृपया कुणी ऐकू नका. ब्रिटनने २०१९ मध्ये हे औषध नियंत्रित यादीत टाकलं ते गैरवापर आणि मृत्यू वाढले म्हणूनच.

आणखी एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही, ती किडनीची. ही गोळी लिव्हरमध्ये फारशी मोडत नाही, जवळजवळ जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून किडनी मंद असली की अंगात साठते. माझ्या आईचं वय एकाहत्तर, क्रिएटिनिन (रक्तातलं हे प्रमाण वाढलं की किडनी मंद झाल्याचा संशय येतो) आधीपासून वाढलेलं. तिला ७५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू केली, रिपोर्ट न बघता. छातीतली धडधड आठवड्याभरात खरंच कमी झाली, पण चालताना तोल जायला लागला, घोटे सुजले आणि एका रात्री ती बाथरूमच्या दारात पडली. आम्ही वयाला दोष देत बसलो, याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, मग डोस हळूहळू निम्म्यावर आणला. एकदम बंद मात्र करू दिली नाही. आता ती पुन्हा एकटी भाजी आणायला जाते.