दीर्घकथा सहा आठवड्यांत संपवायची आहे. आधी लेखनतंत्राचं पुस्तक घ्यावं का? (सोलापूर)

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी 12,000 शब्दांची दीर्घकथा पाठवायची आहे. हातात सहा आठवडे आहेत, रोज रात्री तासभर मिळतो. विषय यंत्रमाग कामगाराच्या घरातला. सूत्र डोक्यात आहे, पण तीन-चार पानांनंतर गाडी अडते. वेगात लिहायची काही रीत आहे का? आणि लेखन शिकवणारी पुस्तकं आधी वाचून घ्यावीत का? इंग्रजी असलं तरी चालेल.

शेंगाचटणी
आधी हिशेब मांडा. आठवड्याला सहा दिवस, चार आठवडे, म्हणजे 24 बैठका. रोज 500 शब्द झाले की 12,000 पूर्ण. पाचव्या आठवड्यात कथेला हात लावायचा नाही, सहावा दुरुस्तीला. 500 शब्द म्हणजे हाताने लिहिलेली फुलस्केपची दोन पानं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

गाडी अडते ती बहुतेक वेळा पुढचा प्रसंग ठरलेला नसतो म्हणून. बसल्यावर विचार करायचा आणि त्याच तासात लिहायचंही, ही दोन कामं एकत्र केली की दोन्ही बिघडतात. कथेचे दहा-बारा प्रसंग करा, प्रत्येकी हजारभर शब्दांचे. प्रत्येकाची एक चिठ्ठी: कोणाला काय हवंय, कोण आडवं येतंय, आणि प्रसंग संपताना काय बदललं. तिसरा मुद्दा लिहिता येत नसेल तर तो प्रसंग अजून तयार नाही.

तुमच्याच विषयातलं घ्या. कामगार मालकाकडे उचल मागायला जातो, मालक नाही म्हणतो, तो घरी येतो. इथे काहीच हललं नाही, म्हणून पुढचं पानही सुचणार नाही. आता मालक उचल देतो, पण पोराला शाळेतून काढून रात्रपाळीला पाठवायच्या अटीवर. पैसे खिशात घेऊनच माणूस घरी येतो आणि बायकोला काय सांगायचं हा पुढचा प्रसंग आपोआप उभा राहतो.

रोजचा तास असा: 10 मिनिटं चिठ्ठी, 40 मिनिटं सलग लिहिणं, शेवटची 10 मिनिटं उद्याची चिठ्ठी. मागची पानं वाचत बसायचं नाही, फक्त शेवटचा परिच्छेद. माहिती अडली तर शोधायला उठू नका. गड्ड्याचा (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा) प्रसंग असेल आणि तैलाभिषेक, अक्षता, होमप्रदीपन यांपैकी नेमकं काय चाललंय ते ठरत नसेल, तर कंसात ‘तपास’ लिहून पुढे जा. सहाव्या आठवड्यात सगळे ‘तपास’ एकदम उरका.

रेल्वेलाइन्स
पुस्तकांबद्दल. पहिला खर्डा व्हायच्या आधी एकही नको. कारण ही पुस्तकं एकमेकांशी भांडतात. ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ तंत्रावर भर देतं. स्टीफन किंगचं ‘ऑन रायटिंग’ (2000) आधी कथानक आखण्याच्याच विरोधात आहे. दोन्ही एकदम वाचणारा तिसरं पुस्तक शोधायला निघतो. लिहिणं राहतं बाजूला.

खर्डा हातात असेल तर मात्र उपयोग होतो. किंगचा दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा 10 टक्के छोटा करायचा नियम तुमच्यासाठी सोन्यासारखा: 12,000 चे 10,800. तो खर्डा किमान सहा आठवडे बाजूला ठेवायला सांगतो, तेवढा वेळ तुमच्याकडे नाही, आठवडा पुरे. क्रियाविशेषणं कापायचा त्याचा आग्रह मराठीत तसाच लावू नका. आपलं दुखणं वेगळं आहे: ‘बघत होता, विचार करत होता, चालत होता’ अशी रांग. ती मोडली तरी पान हलकं होतं.

पुस्तकावर खर्च करण्याआधी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन जुने दिवाळी अंक चाळा. आवडलेली एक दीर्घकथा घ्या, वहीत तिचे प्रसंग मोजा, प्रत्येकाची अंदाजे लांबी आणि कुठे फासे पलटतात ते टिपा. दोन कथा अशा उलगडल्या की चिठ्ठ्या कशा करायच्या ते कळतं.

कडकभाकरी
वेगाचा विषय निघाला की बाबूराव अर्नाळकरांचं नाव येतंच, हजारावर रहस्यकथा. पण झुंजार, काळापहाड ही पात्रं तयार होती, दर वेळी माणूस नव्याने घडवायचा नव्हता. एकट्या दीर्घकथेला ते माप लावू नका. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप मात्र बघण्यासारखा: समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला 250 शब्द.

टायपिंग मंद असेल तर गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येतं. विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात, तेवढं धरून चाला.

शेंगाचटणी
निवेदनाला बोलून लिहिणं ठीक, संवादाला नको. ‘कुठं चाललास बे?’ याचं यंत्र काय करेल सांगता येत नाही, आणि ते निस्तरण्यातच 40 मिनिटं जातात.

पूर्वभागकर
हेच विचारणार होतो. कथेतल्या घरातले तेलुगू बोलतात. संवादात किती आणू?

रेल्वेलाइन्स
हाक मारण्यापुरतं: अन्ना, अक्का. एखादं वाक्य आणलंत तर अर्थ पुढच्या माणसाच्या उत्तरातून कळू दे, तळटीप नको. निवेदन प्रमाण मराठीत, ‘लई’, ‘बे’ फक्त बोलणाऱ्याच्या तोंडी. आणि कोण ‘बे’ म्हणतो ते पात्रागणिक ठरवून ठेवा. मालक कामगाराला म्हणेल, कामगार मालकाला म्हणणार नाही. म्हटलंच तर तो तुमच्या कथेतला मोठा प्रसंग असायला हवा.

कडकभाकरी
पाठवताना युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलं असेल तर ‘ऱ्या’ आणि रफार असलेले शब्द एकदा डोळ्याखालून घाला, तिथेच मोडतोड होते. अंकाची शब्दमर्यादाही आधी फोन करून विचारा. 8,000 म्हणाले तर दहा-बाराऐवजी आठच चिठ्ठ्या करा.