मदत हवी आहे : बर्फाविना स्कीइंगचा सराव, मेळघाटच्या पायथ्याशी गवतावर करावा की रस्त्यावर?

नमस्कार मंडळी,

मी अचलपूर तालुक्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एक मुलगा आणि एक मुलगी गेल्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशात स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून आले. डोंगरउतारावर लहानपणापासून गुरांमागे धावल्यामुळे दोघांचेही पाय मजबूत आहेत आणि तोलही चांगला आहे, असे तिथल्या प्रशिक्षकांनी आवर्जून सांगितले. पण शिकलेले अंगात मुरायला सराव लागतो, आणि पुन्हा बर्फावर जायला त्यांना वर्षभर थांबावे लागणार. एवढ्या काळात त्यांनी नुसत्या बैठका आणि धावणे करावे, हे माझ्या मनाला पटत नाही. बर्फाशिवाय करायच्या सरावाबद्दल जे वाचायला मिळाले ते मी वाचून काढले आहे. आता आपल्यापैकी ज्यांनी हे प्रत्यक्ष केले असेल त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझा पहिला विचार गवतावरील स्कीइंगचा होता. १९६० च्या दशकात जर्मनीत हा प्रकार निघाला तोच मुळी उन्हाळ्यात स्कीपटूंच्या पायांची सवय सुटू नये म्हणून. त्याची स्की बर्फावरच्या स्कीपेक्षा बरीच आखूड, जास्तीत जास्त मीटरभर लांबीची असते, आणि तिच्या कडेने रणगाड्याच्या पट्ट्यासारखा फिरता पट्टा असतो, त्यामुळे ती घसरत नाही, तर लोळत जाते. बूट मात्र नेहमीचेच, कडक कवचाचे. १९७९ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, पुढे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने हा खेळ आपल्या छत्राखाली घेतला, आणि आज ऑस्ट्रिया, इटली, झेकिया, स्वित्झर्लंड, जपान, इराण अशा देशांचे खेळाडू त्यात स्लालम, जायंट स्लालम आणि सुपर-जी या, खांबांना वळसे घेत उतरण्याच्या शर्यती खेळतात. वळणाचे तंत्र बर्फावरील वळणाच्या इतके जवळचे आहे की डोंगरी स्कीइंग, म्हणजे उतारावरून वळणे घेत खाली येण्याचे स्कीइंग, करणाऱ्यांना याहून चांगला पर्याय दिसत नाही.

अडचण आहे ती आपल्या ऋतूंची. युरोपातला उन्हाळा म्हणजे हिरव्या कुरणांचे दिवस. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, गवताचे पिवळे चिपाड उरते, आणि काळ्या जमिनीला हात आत जाईल अशा भेगा पडतात. पावसाळ्यात गवत असते, पण ती काळी माती चपलेलाच किलो-किलोने चिकटते, तर फिरत्या पट्ट्याचे काय होईल, याची कल्पना केलेली बरी. त्यामुळे या खेळाचा आपला हंगाम उन्हाळा नसून पाऊस उघडल्यानंतरचा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा असावा, असे मला वाटते. जमीनही काळी न घेता मुरमाड उताराची घ्यावी लागेल. मेळघाटचे जंगल व्याघ्र प्रकल्पात येत असल्याने तिथल्या उतारांचा विचार मी केलेला नाही आणि करणारही नाही. आमच्या गावाची ई-क्लास, म्हणजे गुरचराईची जमीन मात्र डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि तिचा एक भाग मुरमाड, उतरता व झाडे नसलेला आहे.

त्या उतारावर मी मुलांबरोबर चालून पाहिले. लांबून तो गालिच्यासारखा सपाट दिसतो, पण जवळ गेल्यावर दिसते की गवत ठोंबांनी वाढलेले आहे. प्रत्येक ठोंब बुडाशी टणक, आणि दोन ठोंबांच्या मधली माती पावसाने वाहून गेलेली, त्यामुळे पाऊल कधी उंचावर पडते, कधी खाली. शिवाय त्यात कुसळीचे गवत भरपूर आहे. ऑक्टोबरनंतर त्याची कुसळे पिकली की ती ओली-कोरडी होताना पीळ घेतात आणि मोज्यातून थेट कातडीत घुसतात. गुराख्यांची मुले संध्याकाळी ओट्यावर बसून ती एकेक उपटताना आम्ही नेहमीच पाहतो. तीच कुसळे स्कीच्या पट्ट्यात गुंतली तर काय होईल, हे मला कोणी तरी सांगावे. त्यातच गारगोटीचे तुकडे जागोजागी वर आलेले आहेत.

दुसरा मार्ग रोलर स्कीचा. लांब पल्ल्याचे, म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीइंग करणारे खेळाडू जगभर उन्हाळ्यात हाच सराव करतात. पुढे-मागे एकेक चाक असलेली ही स्की डांबरी रस्त्यावर चालते, हातात काठ्या असतात आणि चढ चढतानाच खरा व्यायाम होतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणारा घाट आमच्यापासून जवळ आहे आणि चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्याने चढाची उणीव नाही. तथापि आमची मुले शिकली आहेत ती डोंगरी स्कीइंग, त्यामुळे रोलर स्कीने त्यांचा दम वाढला तरी वळणे सुधारतील का, अशी शंका येते.

प्लॅस्टिकच्या ब्रशांचे कृत्रिम उतार मी विचारातून वगळले आहेत. स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ हिलेंड येथे १९६० च्या दशकापासून असा उतार आहे, आणि कोपनहेगनमध्ये २०१९ पासून कचऱ्यापासून वीज करणाऱ्या केंद्राच्या छतावरच लोक स्कीइंग करतात; परंतु तेवढा खर्च कोणत्याही ग्रामपंचायतीला झेपणार नाही. शिवाय घर्षण कमी करण्यासाठी अशा बऱ्याच उतारांवर पाण्याचा फवारा मारावा लागतो, आणि ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे खेळासाठी पाणी उडवणे मला योग्य वाटत नाही.

आता माझ्या शंका. फिरत्या पट्ट्यांची स्की थांबवायची कशी, आणि त्यासाठी उताराच्या शेवटी किती मोकळी जागा लागते? ठोंबांचे गवत कापून सारखे करता येते, की जमीनच वेगळी तयार करावी लागते? पट्ट्यांना वंगण घालावे लागते असे वाचले आहे. ज्या जमिनीवर गावाची ढोरे चरतात तिथे कोणते वंगण चालेल? आणि या दोन मुलांसाठी आपण गवत आणि रस्ता यांपैकी काय आधी निवडाल?

हे मी हौसेपोटी विचारत नाही. कर्नाटकातील कोडगूसारख्या बर्फ न पडणाऱ्या जिल्ह्यातून आलेल्या भवानी थेक्कडा नंजुंडा यांनी २०२४ मध्ये चिलीतील आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धेत क्रॉस-कंट्रीचे कांस्यपदक मिळवले, ही बातमी मी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीही उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी निदान सुरुवात तरी नीट व्हावी, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद १

नमस्कार सर. मी नोकरीनिमित्त काही वर्षे ऑस्ट्रियात होतो आणि तिथे उन्हाळ्यात गवतावर स्कीइंग करत असे. आपले वाचन पक्के आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

थांबण्याचा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारलात ते योग्यच केलेत. बर्फावर मुले जे दोन उपाय शिकून आली असतील, म्हणजे स्कीची टोके जवळ आणून पाचर करणे आणि दोन्ही स्की आडव्या करून घसरत थांबणे, ते दोन्ही गवतावर चालत नाहीत, कारण पट्टा बाजूला घसरतच नाही. वेग कमी करायचा तो वळण पूर्ण करून, अगदी उताराच्या वरच्या दिशेला तोंड येईपर्यंत वळून. म्हणून उतार दहा अंशांच्या आतला, रुंद आणि शेवटी सपाट होऊन थोडा चढणारा निवडावा. तसा चढ नसेल तर ती जागा मी नवशिक्यांसाठी घेणार नाही. हा खेळ दिसतो तितका मवाळ नाही. १९८९ मध्ये क्लाउस स्पिंका या ऑस्ट्रियन खेळाडूने गवतावर ताशी ९२.०७ किलोमीटर वेग नोंदवला होता. हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची कवचे, पूर्ण बाह्या आणि हातमोजे याशिवाय कोणालाही उतारावर सोडू नये.

वंगणाबाबत एकच सांगतो : गाडीचे जुने तेल कदापि वापरू नये. मातीत विघटन होणारे वनस्पतिजन्य तेल मिळते तेच वापरावे, तेही बेताने, आणि जास्तीचे तेल फडक्याने पुसून मगच उतारावर जावे. काम संपल्यावर पट्टे ब्रशने झाडून कोरडे करावेत. कुसळांची भीती खरी आहे, गवताचे लांब धागे पट्ट्याच्या सांध्यांत गुंडाळले जातात आणि मग एक पाय अचानक अडतो.

मात्र आपण मला विचाराल तर पहिल्या वर्षी गवत नको. साध्या इनलाइन स्केट्स (एका ओळीत चाके असलेल्या) घेऊन शाळेच्या सिमेंटच्या अंगणात आणि सौम्य उताराच्या रस्त्यावर, अंतरा-अंतराने प्लॅस्टिकचे शंकू मांडून, त्यांच्यामधून वळणे घ्यायला लावा. कडेवर भार टाकणे, बाहेरच्या पायावर वजन ठेवणे आणि नजर पुढच्या शंकूवर ठेवणे या तिन्ही गोष्टी त्यात येतात आणि खर्चही आवाक्यात राहतो. भारताचे शिव केशवन यांनी ल्यूज या बर्फावरील खेळाच्या घसरगाडीला चाके लावून हिमालयातल्या रस्त्यांवर सराव केला आणि १९९८ ते २०१८ या काळात सहा हिवाळी ऑलिंपिक खेळले. डांबरी रस्त्याला कमी लेखू नये.

रोलर स्की घेतलीत तर घाट फक्त चढण्यासाठी वापरावा. बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो, म्हणून वर पोचल्यावर मुलांनी स्की काढून गाडीत बसून खाली यावे. आपल्याकडच्या खडीच्या रस्त्यांना बारीक चाके मानवत नाहीत; हवा भरलेल्या मोठ्या चाकांच्या क्रॉस-स्केट मिळतात, त्या नेहमीच्या बुटांवर बांधता येतात आणि पोटरी मागे दाबली की ब्रेक लागतो. ग्रामीण भागासाठी मला त्याच जास्त सोयीच्या वाटतात. उन्हाळ्यात सराव पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावा, दुपारी डांबर पाघळते आणि चाकांना धरते.

प्रतिसाद २

मास्तर, मी चांदूर बाजारकडचा शेतकरी आहे, मला स्कीइंगमधले काही कळत नाही, पण गवताचे कळते म्हणून लिहितो.

ठोंबांचे गवत कितीही खाली कापले तरी बुडखे राहतातच, आणि कापलेले बुडखे वाळले की पायाला खिळ्यासारखे लागतात. तुम्हाला हवी आहे ती हरळी. ती जमिनीवर पसरते, पेरापेरावर मूळ धरते, सगळी जमीन विणल्यासारखी बांधून ठेवते आणि तुडवले तरी मरत नाही. कपाशीच्या शेतात ती आमची वैरीण आहे, त्यामुळे तुमचा उतार कोणाच्या वहितीला लागून नसावा, नाही तर धुऱ्यावरून भांडणे होतील. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की ठोंब खणून काढा, गारगोट्या वेचा, मग हरळीच्या काड्या हातभर अंतराने लावा. पहिल्या पावसाळ्यात ती पूर्ण झाकणार नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मेंढ्या फिरवा, त्या गवत मशीनपेक्षा सारखे कातरतात, फक्त खेळण्याच्या आधी लेंड्या आणि शेण झाडून घ्या.

कुसळीबाबत सांगायचे तर ती फुलोऱ्यावर येण्याआधी, सप्टेंबरातच कापून टाकावी. तेव्हा ती ढोरे आवडीने खातात, चाराही होतो. एकदा कुसळे धरली की कोणाच्याच कामाची नाही.

ई-क्लासची जागा गावाची आहे, म्हणून ग्रामसभेचा ठराव आधी घ्या आणि त्यात लिहून ठेवा की चराई बंद होणार नाही. तसे लिहिले नाही तर पहिल्याच वर्षी विरोध होईल, आणि तो विरोध चुकीचा म्हणता येणार नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण दोघांनीही इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार.

थांबण्याबद्दलचे वाचून काल त्या उताराच्या पायथ्याशी पुन्हा जाऊन आलो. आम्ही निवडलेला पट्टा शेवटी नाल्यात उतरतो, म्हणजे तो बाद झाला. त्याच्या पूर्वेकडचा तुकडा लांबीने कमी आहे, पण खाली सपाट होऊन पुन्हा टेकाडावर चढतो आणि जवळपास कोणाची वहिती नाही. तिथे हरळी लावण्याचा प्रस्ताव येत्या ग्रामसभेत मांडेन आणि चराई चालू राहील हे कलम ठरावात पहिले असेल. मेंढपाळांचे कळप दिवाळीनंतर आमच्या शिवारात उतरतात. त्याआधीच्या कातरणीसाठी गावातल्याच मेंढ्या-बकऱ्यांची सोय करावी लागेल.

गवत तयार होईपर्यंत इनलाइन स्केट्सवर वळणे आणि घाटात क्रॉस-स्केटवर चढण, असा क्रम ठेवतो. घाटात रविवारी पर्यटकांच्या गाड्या फार असतात, म्हणून मुलांना आठवड्यातल्या इतर दिवशीच नेईन, आणि पुढे-मागे एकेक मोटारसायकल ठेवेन.

एक शंका अजून उरली आहे. गवतावरच्या स्कीला डोंगरी स्कीचेच कडक बूट लागतात, आणि आमच्या मुलीचे पाऊल लहान आहे. मनाली किंवा औलीकडच्या भाड्याच्या दुकानांतून हंगाम संपल्यावर लहान मापाचे वापरलेले बूट विकत मिळतात का, आणि घेताना कवचाला तडे, बकलांची पकड याशिवाय आणखी काय तपासावे, हे कोणी सांगू शकेल का?