मोठ्या टायरांना वजनं ठोकायची की पोटात मणी भरायचे?

घाटमाथा (धागाकर्ता)

थार, २०२१ची, डिझेल. गेल्या दिवाळीत मूळचे २४५/७५ आर१६ काढून २८५/७५ आर१६चे मड टेरेन (चिखलासाठीचे, मोठ्या ढेकळांच्या नक्षीचे टायर) चढवले. म्हणजे साधारण ३३ इंची. गाडी पैलवान दिसायला लागली, पण मीटरवर ८० ओलांडले की स्टिअरिंग असं थरथरतं की तोंडात ठेवलेली सुपारी न चावता फुटावी. ९५च्या पुढे पुन्हा बऱ्यापैकी शांत.

बॅलन्सिंग (मशीनवर चाकाची हलकी बाजू शोधून तिथे वजन लावणं) तीनदा झालं, तीन वेगळ्या दुकानांत. पहिल्याने पुढच्या डाव्या चाकाला १८० ग्रॅम लावले, दुसऱ्याने ते उपटून २४० लावले, तिसऱ्याने हात जोडले. शिवाय ताम्हिणीच्या आतल्या वाटांनी दगडगोट्यांतून एक फेरी झाली की रिमच्या आत चिकटवलेली निम्मी वजनं जंगलात जमा.

म्हणून माझं मत झालंय की एवढ्या टायरांना मशीनवरचं बॅलन्सिंग म्हणजे पैशांचा चुराडा. त्यापेक्षा काचेचे बारीक मणी आत सोडावेत. चाक फिरलं की ते आपापल्या जागी जाऊन बसतात, पडायची भानगड नाही, टायर झिजला तरी हिशेब पुन्हा जमतो. पाकिटं मागवून ठेवली आहेत. कोणाचा विरोध असेल तर टायर उघडायच्या आत बोला.

नटबोल्ट

विरोध आहे. मण्यांना जागा कोण दाखवतं?

वर्षानुवर्षं हे वाचतोय की मणी 'हलक्या बाजूला जातात'. जातात, पण अट आहे. चाक अ‍ॅक्सलसकट वरखाली हलतं आणि त्या हालण्याला स्वतःची एक लय असते. साधारण गाड्यांत सेकंदाला १० ते १५ वेळा, आणि चाक जड केलं की ती आणखी खाली येते. फिरण्याचा वेग त्या लयीच्या खाली असेल तर मणी नेमके जड बाजूलाच जमतात, म्हणजे दुखण्यावर मीठ. लय ओलांडली की हालचाल उलटते आणि मणी हलक्या बाजूला सरकतात. वॉशिंग मशीनच्या टबाला वर खारं पाणी भरलेलं कडं असतं, ते याच तत्त्वावर चालतं. पिळताना सुरुवातीला मशीन नाचतं आणि वेग वाढल्यावर शांत होतं, ते आठवा.

आता तुमचा हिशेब. टायर मोठा केल्यामुळे मीटरवरचे ८० म्हणजे खरे ८६ आणि ९५ म्हणजे १०२. ३३ इंची टायर एका फेऱ्यात सुमारे २.६ मीटर जातो, म्हणजे तुमची थरथर सेकंदाला ९ फेऱ्यांवर सुरू होते आणि ११च्या आसपास थांबते. तीच तुमच्या चाकाची लय. मणी खरं काम करतील ते त्याच्या पुढे, जिथे तुम्हाला त्रासच नाही. जिथे त्रास आहे तिथे ते बघे, किंवा त्याहून वाईट.

छर्रेवाला

आलं गणित! मला वाटलंच होतं.

माझी जिप्सी, ३१ इंची मड टेरेन, चाकामागे २०० ग्रॅम मणी, चार वर्षं झाली. मुंबई-गोवा जुन्या रस्त्याने, आंबोलीने, कुठेही न्या. ९०ला चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवा. (रिकामा. भरलेला ठेवायला जिप्सी ही जिप्सीच आहे.)

वजनंवाल्यांनी एक गोष्ट सांगावी. आम्ही चिखलात उतरताना हवा १५-१८ पीएसआयवर आणतो. एवढ्या कमी हवेत जोर लावला की टायर रिमवर घसरतो. खडूने टायर आणि रिमवर सलग रेघ मारून बघा, दिवसाअखेर रेघेची दोन टोकं चार बोटं लांब गेलेली असतात. मग टायरची जड जागा एकीकडे आणि तुमचं मोजूनमापून ठोकलेलं शिसं दुसरीकडे. दर रविवारी मशीनवर जायचं का? मणी निदान नव्या जागेशी जुळवून घेतात.

दोन पथ्यं मात्र पाळायची. वॉल्व्हला जाळीवाली पिन टाकायची, नाहीतर हवा कमी करताना मणी पिनमध्ये अडकतात आणि रात्रीतून टायर बसतो. आणि आत पंक्चरचा द्रव ओतलेला नको. द्रव आणि मणी एकत्र आले की त्याचा तिळाचा लाडू होतो, एकाच जागी चिकटलेला.

कऱ्हाडी मिसळ

राव, आमच्याकडं ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाऊण भाग पाणी भरत्यात. एवढा मोठा टायर, पण कधी थरथर नाही. पाणीच घाला की, मणी कशाला इकत घेताय?

नटबोल्ट

@कऱ्हाडी मिसळ, ते पाणी बॅलन्सिंगसाठी नसतं हो. नांगराला जोर लागावा, चाक जागच्या जागी गरगरू नये म्हणून वजन वाढवतात. आणि ट्रॅक्टर ३०ने चालतो. चाकाच्या कडेला ५० ग्रॅम जास्त असतील तर त्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ३३ इंची टायरला १००च्या वेगात ते ५० ग्रॅम नऊ किलोचा हिसका देतात, सेकंदाला दहा वेळा. ३०ला तेच किलोभरही भरत नाहीत.

कऱ्हाडी मिसळ

मंजे आमचा टायर पण बिघडलेलाच आसंल, आमाला कळत न्हाई इतकंच. बरं.

टायरवाल्याची लेक

बाबांचं टायरचं दुकान आहे, शाळेत असल्यापासून गल्ल्यावर बसते, हल्ली मशीनही चालवते. दोन्ही पक्षांनी दुकानात काय होतं ते ऐका.

पहिली गोष्ट, माती. मड टेरेनवाली गाडी येते, बाहेरून शॅम्पूने धुतलेली, आणि चाक काढलं की रिमच्या आतल्या गाळ्यात लाल मातीची वाळलेली ढेप. कोकणातून आलेली असेल तर विटेसारखी घट्ट, विदर्भातली काळी माती असेल तर आणखी चिवट. एकदा खरवडून सहज म्हणून काट्यावर टाकली तर पाव किलोच्या वर भरली. त्या मातीसकट बॅलन्सिंग केलं तर ती पुढच्या ओढ्यात धुऊन जाते आणि आम्ही चोर ठरतो.

दुसरी, आणि घाटमाथा यांच्या बाबतीत माझा संशय हिच्यावर आहे. १८० आणि २४० असे दोन आकडे का आले? बाहेरून घेतलेल्या पुष्कळ रिमांचं मधलं भोक गाडीच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) घट्ट बसत नाही. रिम नटांवर मध्यात येतं. मशीनवर मात्र आम्ही ते मधल्या भोकात कोन (शंकूसारखा तुकडा) घालून आवळतो. भोक जरा मोठं किंवा कोन आखूड असला की चाक मशीनवर एका मध्यावर फिरतं आणि गाडीवर दुसऱ्याच. मग मशीन 'शून्य शून्य' दाखवतं आणि गाडी थरथरते.

तपासायची रीत सोपी आहे, कोणत्याही दुकानात आग्रह धरा. मशीनने शून्य दाखवलं की चाक सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवायचं, पुन्हा आवळायचं आणि पुन्हा फिरवून बघायचं. पाच-दहा ग्रॅम आले तर ठीक. पन्नास-साठ आले तर चाक मध्यावर बसलेलंच नाही, आधीचं सगळं वाया. अशा वेळी कोन सोडून नटांच्या भोकांत बोटं घालणारी प्लेट वापरायची. ती पुष्कळ दुकानांत असते, पण कपाटावर, धूळ खात. पस्तीस किलोचं चाक दोनदा उचलायला पोरं कुरकुरतात हे खरं आहे, पण त्या उचलण्याचे पैसे द्यायची गिऱ्हाइकाची तयारी नसते हेही खरं आहे.

आणि २४० ग्रॅम ऐकून दचकू नका. टायरची जड जागा मध्यापासून सोळा इंचांवर आणि वजन लागतं रिमवर, आठ इंचांवर. वर ५० जास्त असतील तर खाली १०० लागणारच. रिम तेवढीच ठेवून टायर मोठा केला की हे होतं. तरी एकाच चाकाला २००च्या वर गेलं तर मी वजनं लावत नाही, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा चढवते. बऱ्याचदा आकडा निम्म्यावर येतो.

छर्रेवाला

ताईंशी सहमत, पण अशी दुकानं किती? मला चार वर्षांपूर्वी भेटलं असतं तर मणी भरलेच नसते कदाचित. माझ्या भागातला एक जण तर टायर बघूनच "सर, हे मशीनवर बसत नाही" म्हणाला. बसत होतं, फक्त वरचं झाकण बंद होत नव्हतं. मण्यांचा फायदा हाच की दुसऱ्याच्या कुवतीवर विसंबून राहावं लागत नाही.

टायरवाल्याची लेक

हा मुद्दा मान्य. पण मणी भरलेलं चाक नंतर कधीही मशीनवर आणू नका. थांबताना मणी प्रत्येक वेळी वेगळीकडे पडतात आणि दर वेळी वेगळा आकडा येतो. तुम्ही सांगायला विसरलात तर आम्ही तासभर वेड्यासारखे वजनं लावत-काढत बसतो. आणि कृपा करून सायकलचे छर्रे घालू नका. एका भाऊंनी घातले होते. टायर उघडला तर आत गंजाचं पाणी आणि आतल्या थराला खरवडे.

छर्रेवाला

नावावर जाऊ नका, माझे काचेचेच आहेत 🙂

डेन्वरकर

इथे कोलोरॅडोत जीप रँग्लर आहे, ३७ इंची. इथेही हाच वाद चालतो, फक्त इंग्रजीत. काहीजण खेळण्यातल्या बंदुकीच्या प्लास्टिकच्या गोळ्या घालतात, काही जुनी खोडं गोल्फचे चेंडू. मी मणी वापरले, काढले, वजनांवर परत आलो. सरळ हायवेवर मणी उत्तम होते. पण रस्त्याला जोड आले, खड्डा आला की ते विखुरतात आणि पुन्हा जागेवर येईपर्यंत थरथर. मला ते 'आत्ता आहे, आत्ता नाही' जास्त त्रासाचं वाटलं.

इथल्या मोठ्या दुकानांत एक मशीन असतं, ते फिरत्या टायरवर रूळ दाबून धरतं, रस्ता दाबतो तसा. टायर कुठे कडक आहे, कुठे मऊ, ते त्यात कळतं. वजनाने बरोबर पण गोलाईला किंवा कडकपणाला असमान असा टायर मणीही सुधारू शकत नाहीत आणि शिसंही नाही. नव्या टायरवर लाल आणि पिवळा ठिपका असतो ना, त्यातला पिवळा म्हणजे हलकी जागा, ती वॉल्व्हशी जुळवायची. लाल ठिपका कडक किंवा उंच जागेचा, तो रिमच्या खोलगट जागेशी. मड टेरेनची ढेकळं एवढी मोठी असतात की हे जुळवणं साध्या टायरपेक्षा जास्त लागतं.

एक सावधगिरी, विशेषतः जिप्सी-जिम्नीवाल्यांना. पुढे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सरळ अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत एका खड्ड्यानंतर स्टिअरिंग हातातून सुटेल असं हलायला लागलं आणि गाडी जवळपास थांबवेपर्यंत थांबलंच नाही, तर तो बॅलन्सिंगचा आजार नाही. बुश (जोडांतले रबरी तुकडे), किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ), सैल जोड बघा. बॅलन्सिंग फक्त काडी लावतं, दारू आधीच साठलेली असते. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने धागाकर्त्याचं प्रकरण ते वाटत नाही.

नियमाधारित

कोणीच बोललं नाही म्हणून. कंपनीने मान्य न केलेल्या मापाचे टायर टाकणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ (गाडीत केलेले बदल) खाली अडचणीचं ठरू शकतं. विम्याचा दावा करताना आठवेल.

छर्रेवाला

आले. चहा घ्या.

घाटमाथा

काल दिवस घालवला, वृत्तांत देतो.

टायरवाल्याची लेक यांचं ऐकून आधी चाकं काढून आतून धुतली. पुढच्या डाव्यात माती नव्हतीच, मागच्या दोन्हींत भरपूर. मग चौथं दुकान गाठलं. अर्धा फेरा फिरवून दाखवा म्हटल्यावर तिथल्या काकांनी चष्म्याच्या वरून पाहिलं, पण केलं. शून्य दाखवलेलं चाक पुन्हा आवळल्यावर ६५ ग्रॅम! काका स्वतःच चपापले. आतून प्लेट आली, खरोखर धूळ झटकून. टायर रिमवर फिरवून चढवला, प्लेटवर आवळला. शेवटी २४०च्या जागी ९५ ग्रॅमवर काम झालं. अर्धी वजनं बाहेरच्या कडेला ठोकून, अर्धी आत चिकटवून वरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली, पाण्याने सुटू नयेत म्हणून.

खंबाटकीपर्यंत जाऊन आलो. स्टिअरिंगची थरथर गेली. सीटखाली अजून हलकी गुणगुण आहे, ८५च्या आसपास. मागच्या उजव्या चाकाचं रिम डोळ्यांनीच वाकडं दिसतंय, लिंबाएवढ्या एका दगडाची कृपा असावी.

नटबोल्ट

म्हणजे मणी नकोत, हे ठरलं.

छर्रेवाला

काहीही ठरलेलं नाही. पहिल्या चिखलात हवा १५वर आणा, टायर घसरू द्या, मग बोलू. खडूची रेघ मारून जा.

घाटमाथा

रेघ मारली आहे, पांढऱ्या ऑइलपेंटने. पुढच्या रविवारी लोणावळ्याच्या मागे जातोय, फोटो टाकतो. पाकिटं अजून फोडलेली नाहीत.

कऱ्हाडी मिसळ

फोडणार नसाल तर आमच्या पोराला द्या, एअरगनमधी चालतील का बघतो.

टायरवाल्याची लेक

चालणार नाहीत, फार बारीक असतात. आणि ते वाकडं रिम तसंच चालवू नका, घाटमाथा. आधी डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावून मोजून घ्या.