अनुभव धागा: इलेक्ट्रिक गाडीची मोटर, इन्व्हर्टर किंवा गिअरबॉक्स बिघडला तेव्हा

धागाकर्ता

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की बोलणं बॅटरी आणि रेंजपाशीच घुटमळतं. 'इंजिन नाही, गिअर नाहीत, मग बिघडणार काय?' हे प्रत्येक मालकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. हलणारे भाग कमी असतात हे खरंच आहे. तरी बॅटरीतली ताकद चाकापर्यंत पोचते ती काँटॅक्टर (हाय व्होल्टेजचा मोठा स्विच), इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा), मोटर, रिडक्शन गिअरबॉक्स (मोटरचा वेग उतरवणारा) आणि ड्राइव्हशाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) अशा वाटेने. यातलं एक जरी बंद पडलं तरी भरलेली बॅटरी घेऊन गाडी जागच्या जागी उभी राहते.

माझी अशीच उभी राहिली होती. त्याआधी बरेच दिवस ठरावीक वेगाला एक बारीक 'कूंऽऽ' यायचं, पाय उचलला की बदलायचं. सर्व्हिस सेंटरने आधी टायरवर ढकललं, मग रस्त्यावर. शेवटी अख्खं ड्राइव्ह युनिट (मोटर, इन्व्हर्टर आणि गिअरबॉक्सचा एकत्र संच) बदललं, तेही वॉरंटीत. गाडी आता छान चालते. पण जॉब कार्डवर एवढंच लिहिलंय: 'ड्राइव्ह युनिट बदलले'. का बदलले, आत काय निघालं, याचा एक शब्द नाही. जुनं युनिट कंपनीकडे परत गेलं, कारणही त्याच्याबरोबर गेलं. नवीन युनिटमध्ये तोच दोष नाही, हे मी कशावरून धरून चालायचं?

म्हणून हा धागा काढला आहे. लक्षण काय होतं, काय सांगितलं गेलं आणि अखेर काय निघालं ते लिहा. स्वतःच्या अनुभवात कंपनीचं किंवा सर्व्हिस सेंटरचं नाव कृपया नको. नावं आली की भांडण पेटतं आणि लक्षणं बाजूला राहतात.

सारथी

धाग्यासाठी मनापासून आभार. माझाही आवाजाचाच किस्सा. रिव्हर्स घेताना आणि अगदी हळू जाताना काही नाही, वेग वाढला की घरघर. रिकाम्या डब्यात कोणी खडे फिरवतंय असा आवाज. सर्व्हिस ॲडव्हायजर शेजारी बसून आला आणि म्हणाला, 'सर, इंजिनाचा आवाज नसतो ना, म्हणून बारीकसारीक सगळं ऐकू येतं.' त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. पण आधी न येणारा आवाज आता येतोय, त्याचं काय? मी ठराविक वेगाला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत गेलो, तारीख आणि किलोमीटर बोलून ठेवत गेलो. दोन रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकवली तेव्हा कुठे गाडी लिफ्टवर चढली. मोटरचं बेअरिंग गेलं होतं, अख्खं युनिटच बदललं.

तेलकट हात

वरच्या दोघांसाठी जरा सविस्तर लिहितो. औद्योगिक मोटरी आणि ड्राइव्ह दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, गाड्यांकडे अलीकडे वळलो.

आधी आवाज ओळखायचा कसा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. व्हील बेअरिंगचा आवाज वळणावर, वजन एका बाजूला झुकलं की कमीजास्त होतो. गिअरच्या दातांचा आवाज ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक आणि रीजेनमध्ये (पाय उचलल्यावर मोटर वीज परत बॅटरीत भरते तेव्हा) दुसरा असतो, कारण दोन्ही वेळी दाताच्या वेगवेगळ्या बाजूंवर जोर येतो. मोटरच्या बेअरिंगचा आवाज मात्र जोर असो नसो, वेगाबरोबर चढतो. सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर एवढी तपासणी शेजारी कोणाला बसवून सहज होते. चालवणाऱ्याने फक्त रस्त्याकडे बघावं.

आता बेअरिंग जातं कशाने. बहुतेक गाड्यांत एकच रिडक्शन असतं, साधारण 9 किंवा 10 ला 1, म्हणजे मोटरचे 9-10 फेरे तेव्हा चाकाचा एक. ताशी 100 किलोमीटरला चाक मिनिटाला 800 च्या आसपास फेरे मारतं, म्हणजे मोटर 8,000 च्या आसपास. जोरात पळवली की याच्याही बऱ्याच वर. तरी नुसत्या वेगाने चांगलं बेअरिंग मरत नाही. खरी गोम इन्व्हर्टरमध्ये आहे. बॅटरीच्या डीसीचा एसी करताना तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालूबंद करतो. त्यातून थोडं व्होल्टेज मोटरच्या शाफ्टवर साठतं आणि बॉडीकडे जायला वाट शोधतं. ती वाट बहुधा बेअरिंगमधून जाते. गोळी आणि रिंग यांच्यामधला तेलाचा थर अतिशय पातळ, तो फोडून ठिणगी पडते. एका ठिणगीने डोळ्यांना दिसणारही नाही असा खड्डा पडतो. तेच पुनःपुन्हा होत राहिलं की रिंगवर ओळीने आडवे चरे उमटतात, त्याला आम्ही फ्लूटिंग म्हणतो. मग घरघर सुरू.

कारखान्यातल्या मोटरींत हे फार जुनं दुखणं आहे आणि उपायही ठरलेले आहेत: शाफ्टला अर्थिंग ब्रश किंवा रिंग लावायची, नाहीतर सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग घालायचं, ज्यातून वीज जात नाही. म्हणून युनिट बदललं की एवढं जरूर विचारा: नवीन युनिटचा पार्ट नंबर जुन्यासारखाच आहे की सुधारित? मालकाला स्वतःला पडताळता येणारी ही एकच गोष्ट असते.

सारथी

पार्ट नंबरचं सुचलंच नव्हतं. उद्याच जॉब कार्ड काढून बघतो.

निळी नंबरप्लेट

माझ्याकडे गिअरबॉक्स. 'लाइफटाइम ऑइल, बदलायचं नसतं' असं पहिल्या दिवशीच सांगितलेलं. आवाज येऊ लागल्यावर हट्टाने ऑइल काढायला लावलं. ते काळं पडलेलं आणि ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर चमकदार कपच्या चिकटलेल्या. बारीक राखाडी पेस्ट चालते म्हणतात, कपच्या नाही. मी प्लगचा फोटो तिथेच काढला आणि तोच फोटो वॉरंटीच्या वादात कामी आला. ऑइल काढताना समोर उभं राहू द्या, एवढं प्रत्येकाने मागावं.

महामार्ग

मला आवाजाची सूचनाही मिळाली नाही. मधल्या लेनमध्ये होते, मागच्या सीटवर आई. स्क्रीनवर कासवाचं चिन्ह आलं, पाठोपाठ 'ताकद मर्यादित', आणि पाय पूर्ण दाबलेला असूनही वेग उतरत गेला. ब्रेक आणि स्टिअरिंग नीट चालत होते, म्हणूनच कडेपर्यंत पोचले. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत अगदी लगतून गेला तेव्हा आईने माझा खांदा घट्ट धरला होता. ते अजून आठवतं.

कडेला लावून गाडी बंद केली, लॉक केली, थोडं थांबून परत सुरू केली. चालायला लागली! दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये 'आता (बिघाडाचा) कोड दिसत नाही, सॉफ्टवेअर अपडेट केलंय, घेऊन जा'. पुढच्याच आठवड्यात पुन्हा तेच, या वेळी वळणावर. तेव्हा मी गाडी बंदच केली नाही. स्क्रीनचा व्हिडिओ घेतला, फ्लॅटबेड (गाडी चारही चाकांसह वर चढवून नेणारा ट्रक) मागवला आणि साठवलेल्या कोडची छापील प्रत हातात पडल्याशिवाय गाडी परत नेणार नाही असं लेखी दिलं. इन्व्हर्टरच्या पॉवर मॉड्यूलचं तापमान मर्यादेबाहेर जात होतं. मॉड्यूलची उष्णता कूलंटकडे नीट जात नव्हती. म्हणजे पहिल्या वेळच्या अपडेटने काहीच सुटलेलं नव्हतं, सुटणार नव्हतं.

रस्त्यात ताकद जाणं ही गैरसोय नाही, हा जिवाशी खेळ आहे. 'कोड दिसत नाही' म्हणून गाडी परत देणाऱ्यांना हे कळायला हवं.

तेलकट हात

महामार्ग, तुम्ही व्हिडिओ घेतलात ते फार उत्तम. फ्लॅटबेडचा आग्रह धरलात तोही योग्य. परमनंट मॅग्नेट मोटर (रोटरमध्ये कायमचं लोहचुंबक असलेली) असलेली गाडी मोटरची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर जनरेटर होते, वीज तयार करते आणि इन्व्हर्टरचं आणखी नुकसान होऊ शकतं. घाईत दोरी लावणारे खूप असतात, त्यांना ठामपणे नाही म्हणा.

ओलावा

पाऊस पडून गेला की सकाळी गाडी सुरूच व्हायची नाही. 'इन्सुलेशन फॉल्ट, वाहन चालवू नका.' दुपारी ऊन पडलं की जणू काही झालंच नाही. निदान काय, तर 'हाय व्होल्टेज बॅटरी पॅक बदलावा लागेल'. वॉरंटी संपलेली, आकडा ऐकून रात्रभर झोप नाही.

ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने समजावलं की हाय व्होल्टेजचं वायरिंग आणि गाडीची बॉडी यांच्यातला रोध गाडी सतत मोजत असते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे डीसी भागाला प्रत्येक व्होल्टमागे किमान 100 ओहम हवेत, म्हणजे 400 व्होल्टला 40 हजार. तो खाली आला की गाडी स्वतःला अडवते, आणि ते बरोबरच आहे. पण गळती पॅकमध्येच आहे असं त्यावरून ठरत नाही. मोटर, इन्व्हर्टर, केबिन हीटर, एसीचा कॉम्प्रेसर, चार्जर सगळे त्याच वायरिंगवर. एकेक भाग सोडवून मोजायचा असतो. हे प्रशिक्षित माणसानेच करायचं काम, घरी कोणी हात लावू नये.

मी तेवढंच लेखी मागितलं: 'प्रत्येक घटकाचं वेगवेगळं रीडिंग द्या.' आधी टाळाटाळ झाली, मग मोजलं. दोष एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये. पॅक ठणठणीत. रीडिंग मागितलं नसतं तर चांगला पॅक काढून नवा बसवला असता, आणि पुढच्या पावसात गाडी पुन्हा अडली असती.

धागाकर्ता

ओलावा, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. 'प्रत्येक घटकाचं वेगवेगळं रीडिंग' हे सगळ्यांनी जपून ठेवा.

शीतल

कूलंट थोडं थोडं कमी व्हायचं, खाली कुठेच डाग नाही. दर वेळी टॉपअप करून द्यायचे. काही मोटरींत रोटरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) शाफ्टमधून कूलंट फिरवतात हे मला नंतर समजलं. तिथलं सील झिजलं की कूलंट बाहेर न पडता मोटरच्या आत उतरतं. आमचं तसंच झालं. मोटर उघडली तेव्हा वायंडिंगवर (तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्यांवर) कूलंटचे वाळलेले डाग होते. कूलंट कमी होतंय पण गळती दिसत नाही, असं असेल तर टॉपअपवर समाधान मानू नका.

खट्ट

माझं सगळ्यांपेक्षा किरकोळ. पुढून मागे बदलताना पुढच्या चाकाजवळ 'खट्ट'. वरचं सगळं वाचून घाबरलो होतो. ड्राइव्हशाफ्टच्या टोकाला हबजवळ घर्षण होत होतं, साफ करून ग्रीस लावलं, नट ठरवलेल्या जोराने आवळला, विषय संपला. प्रत्येक आवाजाला मोटर जबाबदार नसते, धीर धरा.

बारा व्होल्ट

माझी गाडी चालता चालता हळूहळू मेली. आधी एक 'टक्' आवाज, मग 12 व्होल्ट बॅटरीचा इशारा, मग ताकद कमी आणि शेवटी सगळंच बंद. मोठी बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली! मोठ्या बॅटरीतून छोटी चार्ज करणारा कन्व्हर्टर गेला होता. छोटी उतरली की काँटॅक्टर धरून ठेवायलाही वीज उरत नाही. पहिल्यांदा फक्त 12 व्होल्टची बॅटरी बदलून दिली, अर्थात ती पण उतरली.

धागाकर्ता

इथे एक नोंद करतो. वरच्या कोणाच्याही गाडीशी हिचा संबंध लावू नका, हे सार्वजनिक रिकॉल आहेत. 2024 मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत जवळपास 99 हजार इलेक्ट्रिक गाड्या परत बोलावल्या, कारण चार्जिंग सांभाळणारं युनिट खराब होऊन 12 व्होल्टची बॅटरी चार्ज होणं थांबत होतं आणि गाडीची ताकद जाऊ शकत होती. 2022 मध्ये फोर्डने मस्टँग माक-ईच्या सुमारे 49 हजार गाड्यांसाठी रिकॉल काढला, तिथे हाय व्होल्टेज काँटॅक्टर तापून बिघडत होते. उलट बाजूचंही सांगायला हवं. 2014 मध्ये टेस्लाने 85 किलोवॉट-तास बॅटरीच्या मॉडेल एसच्या ड्राइव्ह युनिटची वॉरंटी 8 वर्षं आणि किलोमीटरची मर्यादा नाही अशी केली, आधी विकलेल्या गाड्यांनाही. कारण उघड सांगणं आणि जबाबदारी घेणं कंपन्यांना जमतं. मग ते प्रत्येक जॉब कार्डवर का जमू नये? आपापल्या गाडीच्या चेसिस नंबरवर रिकॉल निघालाय का ते अधूनमधून तपासत राहा.

नवा मालक

प्रश्न विचारू का? वॉरंटीत बदललेल्या युनिटला पुन्हा पूर्ण वॉरंटी मिळते का? आणि ते नवं कोरं असतं की दुरुस्त केलेलं?

निळी नंबरप्लेट

दोन्ही कंपनीगणिक वेगळं. मला दुरुस्त करून तपासलेलं युनिट मिळालं आणि वॉरंटी मूळ तारखेपर्यंतचीच. तोंडी मात्र 'सगळं नवीन' सांगितलेलं. बसवण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी विचारा: नवं की दुरुस्त, वॉरंटी कधीपर्यंत, आणि जुन्यात काय निघालं. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं असते म्हणून मोटर आणि इन्व्हर्टरचीही तेवढीच असेल असं धरू नका, पुस्तिकेत दोन्ही वेगळं लिहिलेलं असतं.

सारथी

जॉब कार्ड बघून आलो. नवीन युनिटच्या पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं आहे. काय बदललं ते विचारणारं ईमेल आत्ताच पाठवलं, उत्तर आलं की इथे टाकतो.

धागाकर्ता

मीही माझं पाठवतोय. सारथी, तुमच्या पत्राचा मजकूर इथे डकवाल का? ज्यांचं युनिट बदललं आहे त्यांना तोच वापरता येईल.