फिश ऑइल की शिंपल्याचा अर्क? आमवातासाठी मात्रा कशी मोजायची

खाडीकाठ:
आईला आमवात आहे, मेथोट्रेक्सेट (आमवाताचं मुख्य औषध) चालू आहे. डॉक्टर म्हणाले फिश ऑइल घ्यायला हरकत नाही, पण किती ते सांगितलं नाही. १००० मि.ग्रॅ.च्या दोन कॅप्सूल रोज पुरतील का? दुकानदार न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांच्या अर्काची शिफारस करतोय. तो घ्यायचा तर आपले शिनाणेच (इथले हिरवे शिंपले) उकडून खाल्ले तर काय बिघडलं?

तेलमाप:
दोनाने काही होणार नाही. १००० मि.ग्रॅ. हे तेलाचं वजन आहे, औषधाचं नव्हे. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. साध्या तेलात ईपीए १८० आणि डीएचए १२० (ही दोन कामाची ओमेगा-३ मेदाम्लं), म्हणजे कामाचे ३०० मि.ग्रॅ. असतात. आमवाताच्या चाचण्यांत दोन्ही मिळून रोज २.७ ग्रॅमच्या आसपास मात्रा दिली जाते. हिशोब केला तर ९ कॅप्सूल होतात! त्यापेक्षा ईपीए-डीएचए मिळून ६०० मि.ग्रॅ. असलेल्या संहत (जास्त दाट) कॅप्सूल घ्या, चार-पाचात भागतं. बाटलीतलं साधं ३० टक्के तेल असेल तर रोज १० मि.लि. पुरे. कॉडच्या यकृताचं तेल मात्र या मात्रेत नको, त्यातलं अ जीवनसत्त्व फार होतं.

एवढं का लागतं? पेशींच्या आवरणात आधीपासून बसलेल्या ॲराकिडॉनिक आम्ल या मेदाम्लाला सरकवून ईपीएला जागा मिळवायची असते. तसं झालं की पेशी प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि ल्युकोट्राइन बी४ हे दाह वाढवणारे पदार्थ कमी बनवतात. ही अदलाबदल संथ असते, म्हणून दोन-तीन महिने थांबा. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडणारे खूप, आणि गुण आला म्हणून मेथोट्रेक्सेट बंद करणारे त्याहून घातक.

कॅप्सूल जेवणाबरोबर घ्या. संहत तेल बहुधा एथिल एस्टर या प्रक्रिया केलेल्या रूपात असतं आणि रिकाम्या पोटी ते नीट शोषलं जात नाही.

शिंपला_आणि_मोती:
अर्काबद्दल. न्यूझीलंडचा शिंपला पेर्ना कॅनालिक्युलस, आपला शिनाणा पेर्ना विरिडिस, म्हणजे चुलतभाऊच. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या जातीपासूनही अर्क काढलाय. पण आमवातासाठी शिंपल्याचा पुरावा फिश ऑइलइतका भक्कम नाही.

अडचण प्रक्रियेत आहे. या शिंपल्यातले मेद उष्णतेने आणि हवेने पटकन बिघडतात. सुरुवातीच्या काळातल्या पावडरी यामुळेच कधी लागू पडत, कधी नाही. म्हणून माल गोठवून निर्वातात सुकवतात, किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने मेद वेगळा काढतात. त्यामुळे ५० मि.ग्रॅ. मेद-अर्क आणि ५०० मि.ग्रॅ. पावडर यांची आकड्यांवरून तुलना करूच नका, पावडरीत मेदाचा वाटा थोडाच असतो.

शिनाणे चवीसाठी खुशाल खा, मात्रा म्हणून नको. शेवाळाच्या बहराने पाण्याला रंग चढलेला असेल तेव्हा तर नकोच. शिंपल्यात साठणारं ते विष उकडून जात नाही.

खाडीकाठ:
आणि तेल खवट आहे हे कळणार कसं? लिंबाच्या वासाचं बरं का?

तेलमाप:
उलट, तो वास खवटपणा झाकतो. एक कॅप्सूल कात्रीने कापून तेल बोटावर घ्या. ताज्याला समुद्राचा मंद वास येतो, जुन्याला ऑइल पेंटच्या उघड्या डब्यासारखा, आणि जिभेवर ठेवलं तर घशात टोचतं. कंपनीकडे त्या बॅचचा अहवाल मागा: पेरॉक्साइड (खवटपणाच्या सुरुवातीचा आकडा) ५ च्या आत, ॲनिसिडीन (पुढच्या टप्प्याचा आकडा) २० च्या आत. पहिल्याची दुप्पट अधिक दुसरा म्हणजे टोटॉक्स, एकूण खवटपणा, तो २६ च्या आत. नुसता पेरॉक्साइड दाखवणाऱ्याला दुसरा आकडा विचाराच. कारण तेल फार जुनं झालं की पेरॉक्साइड पुन्हा खाली येतो. बाटली फोडली की फ्रीजमध्ये.

शिंपला_आणि_मोती:
वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर एवढी मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. माशाची ॲलर्जी आणि शिंपल्याची ॲलर्जी वेगवेगळी, दोन्ही सांगा.

खाडीकाठ:
बाबांचे गुडघे झिजलेत. त्यांनाही हेच २.७ ग्रॅम?

तेलमाप:
नाही. झिजेला आमवाताचं गणित लागू नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत दोन वर्षांनी रोज ४.५ ग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा ०.४५ ग्रॅम घेणाऱ्यांचंच दुखणं जास्त उतरलं होतं. बाबांना आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली द्या, पण कढईभर तेलात तळून नको, माशाचा मेद तेलात उतरतो. तिखल्यात (माशाच्या कालवणात) रस्सा पोटात जातो, मेदही त्याच्याबरोबर.