मदत हवी आहे: एक्स-रे रिपीटचा अभ्यास करायचाय, एथिक्सची परवानगी कुठून घेऊ?

नाशिकमधे एका खाजगी हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे, डीआर (डिजिटल एक्स-रे) मशीनवर. छातीचे एक्स-रे रिपीट का होतात याचा अभ्यास करायचाय. कधी कॉस्टोफ्रेनिक अँगल (फुप्फुसाचा खालचा बाहेरचा कोपरा) कापला जातो, कधी पेशंटच्या गळ्यातली साखळी काढायचीच राहते, आणि डिजिटलमधे रिजेक्ट दाबलं की एक्स-रे वाया गेल्याचं कुणाला दिसतही नाही, रेडिएशनचा डोस मात्र पेशंटला जातोच. तीन महिन्यांचा रिजेक्ट लॉग (रद्द केलेल्या एक्स-रेंची मशीनमधली नोंद) काढून ठेवलाय, नाव-नंबर उडवून.

अडलंय पुढे. आमच्याकडे एथिक्स कमिटी नाही. रेडिओलॉजिस्ट मॅडम को-गाइड व्हायला तयार आहेत, पण अ‍ॅडमिन म्हणतं "टेक्निशियनला रिसर्च कशाला, लाइन बघा बाहेर". ड्युटीत वेळ मिळत नाही, नाइट ऑफला एक्सेल भरतो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2017 च्या एथिक्स गाइडलाइन्स वाचल्या, त्यात दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जायची सोय आहे. इथे आरोग्य विद्यापीठ असलं तरी मी सध्या कुठे विद्यार्थी नाही. पैसे खिशातलेच, त्यामुळे मोठी फी झेपणार नाही.

नाशिकमधे कुणी रेडिओग्राफरने स्वतःच्या नावावर असं अप्रूव्हल घेतलंय का, आणि बाहेरच्या कमिटीला अर्ज करताना आपल्या हॉस्पिटलचं नेमकं कुठलं पत्र लागलं?