रिकामी क्षमता म्हणजे नासाडी? परवाच्या पोस्टला उत्तर

जुनी_शुक्रवारी
परवा वर्धारोड_क्लाउड यांनी इथे लिहिलं की त्यांच्या सामायिक डेटा सेंटरमध्ये होस्टचा (ज्या खऱ्या सर्व्हरवर अनेकांच्या आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालतात त्याचा) महिन्याचा सरासरी सीपीयू वापर १८ टक्के आहे, म्हणजे बाकीचे ८२ टक्के पैसे पाण्यात. तेव्हा सीपीयूच्या एका खऱ्या कोअरवर आठ व्हीसीपीयू, म्हणजे आभासी सीपीयू, विका आणि कॅपॅसिटी प्लॅनिंगचं, म्हणजे किती क्षमता राखायची याच्या आखणीचं, अवडंबर बंद करा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

सरासरीवर क्षमता ठरवणाऱ्याने निकालाचा दिवस बघितलेला नसतो. मी बघितलाय. एकाच होस्टवर तीन शिक्षणसंस्थांचे प्रवेश अर्ज होते. वर्षभर तिघी मिळून होस्टचा चौथा हिस्साही वापरायच्या नाहीत. निकाल दुपारी १ ला लागला आणि १ वाजून ४ मिनिटांनी तिन्ही एकदम उठल्या. टॉप या लिनक्स कमांडमध्ये स्टील टाइमचा, म्हणजे व्हीएम होस्टच्या सीपीयूसाठी ताटकळली त्या वेळाचा, रकाना ३८ टक्क्यांवर गेला. व्हीएमला वाटतंय आपल्याकडे ८ सीपीयू आहेत, आणि ती होस्टच्या दारात रांगेत उभी. एका आईचा फोन आला, मागे मुलगी रडताना ऐकू येत होती. मला त्यांना काही सांगता आलं नाही. त्या महिन्याची सरासरी? १९ टक्के.

साध्या एका रांगेचं गणित घ्या. भार ५० टक्के असेल तर काम जितक्या वेळाचं, सरासरी तितकंच थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ ला एकोणीसपट. रिकामी दिसणारी जागा म्हणजे लोकांचा न थांबलेला वेळ आहे.

वर्धारोड_क्लाउड
निकालाचा दिवस वर्षातून दोनदा येतो. बाकीच्या ३६३ दिवसांचं बिल कोण भरणार? ग्राहक एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तशी जागा धरून ठेवतात. ३२ जीबी रॅम मागतात, ४ वापरतात. माझ्याकडे एक व्हीएम १४ महिने झोपलेली आहे. मालक शोधला, तर ज्याने मागितली तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला. त्याच्या साहेबांना विचारलं, म्हणाले, "राहू द्या, लागेल कधीतरी." त्याच आठवड्यात एका नवीन मुलाला मी "जागा नाही" म्हणून परत पाठवलं. याचा राग तुम्हाला येत नाही का?

आणि गूगलने २०१५ मध्ये बोर्ग या आपल्या क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रणालीवरच्या शोधनिबंधात स्वतःच सांगितलंय की त्यांच्या मध्यम (मीडियन) सेलमध्ये, म्हणजे मशीनच्या गटात, साधारण २० टक्के काम दुसऱ्यांनी राखून न वापरलेल्या संसाधनांवर चालतं. ते करतात, मग आपण का नाही?

जुनी_शुक्रवारी
कारण बोर्गमध्ये त्या उसन्या जागेवरचं काम खालच्या प्राधान्याचं असतं. मालकाला जागा लागली की ते सरळ मारलं जातं. तुमच्या ग्राहकांपैकी "माझं काम मारा" असं करारात कोणी लिहून दिलंय? सगळेच स्वतःला प्रॉडक्शन म्हणवतात. शिवाय सीपीयू ताणला तर काम हळू होतं, रॅम ताणली तर होस्ट स्वॅपमध्ये जातो, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क वापरतो, आणि सगळेच बसतात. दोन्ही एकाच तराजूत तोलू नका.

झोपलेल्या मशीनचा राग मलाही येतो. तो मुद्दा बरोबर आहे तुमचा.

खापरखेडा_फीडर
तुम्ही दोघं सीपीयू-सीपीयू करून राहिले, पण विजेचं आन् गरमीचं कोणी बोलून नाही राहिलं. क्षमता कोअरमध्ये नाही मोजायची भाऊ, नागपुरात ती गच्चीवर मोजायची.

एसीच्या कॅटलॉगमधली क्षमता बाहेर ३५ अंश धरून लिहिलेली असते. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ होतं. ४६ अंशाला तपासलेली युनिटं मिळतात, पण महाग पडतात म्हणून कोणी घेत नाही. आमच्या जागी चार युनिटं होती, तीन पुरेशी, एक राखीव. कागदावर मस्त. मेमध्ये दुपारी ३ ला पहिलं हाय प्रेशरवर, म्हणजे आतल्या गॅसचा दाब वाढून, ट्रिप झालं, वीस मिनिटांत दुसरं. बाहेरची सगळी युनिटं एका भिंतीला लावलेली, एकाची गरम हवा दुसरं ओढून राहिलं. मी आणि वॉचमन ओली पोती घेऊन गच्चीवर, नळीने पाणी मारतोय, चपलेचा तळवा डांबराला चिकटतोय. त्या दिवशी सीपीयू वापर १८ टक्केच असन बाप्पा.

अन् ए-बी फीड, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या लाइनी, दोन्ही ७० टक्के भरून ठेवता, मग एक गेला का दुसऱ्यावर १४० येते. मग कायचं रिडंडन्सी?

वर्धारोड_क्लाउड
हॉल १८ अंशावर ठेवायच्या हट्टामुळे हे होतं. सर्व्हरच्या तोंडाशी २७ अंशांपर्यंत हवा चालते, ॲश्रे या कूलिंगवाल्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेची शिफारसच १८ ते २७ आहे. २५ वर आणा, तुमचं तिसरं युनिट मोकळं होईल.

खापरखेडा_फीडर
सरासरी २५ म्हणजे वरच्या रॅकच्या तोंडाशी ३१. रॅकमधली गरम आन् थंड हवेची गल्ली वेगळी केली असेल तर बोला. आमच्याकडे रॅकच्या रिकाम्या फटी झाकायचे ब्लँकिंग पॅनलसुद्धा नव्हते, मी स्वतः पुठ्ठे कापून लावले. तुम्ही कधी मेमध्ये दुपारी गच्चीवर चढले का? नसन चढले तर आकडे नका सांगू.

सदर_हिशेब
नागपूरकर घरात डेझर्ट कूलर लावतो, मग डेटा सेंटरला बाष्पीभवनाचं कूलिंग का नको? मेमध्ये हवा कोरडी असते, विजेचं बिल निम्म्यावर येईल.

खापरखेडा_फीडर
आणि जुलैत? कूलर जुलैत नुसता चिकचिकाट करते, हे पोरालाही माहीत हाय. म्हणजे एसी पूर्ण क्षमतेचे लागतेच. वरून पेंच धरणाचं पाणी उडवायचं. उन्हाळ्यात टँकरमागे पळणाऱ्या वस्तीसमोर मला हे पटत नाही.

सदर_हिशेब
पिण्याचं पाणी कोण म्हणालं? कोराडीच्या वीज केंद्राला भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी जातंच की.

खापरखेडा_फीडर
ते चालन. पण ती पाइपलाइन तुमच्या गल्लीत आली का सांगा, मग बोलू.

रामदासपेठ_क्लस्टर
कूलरवरून मूळ विषयाकडे या. मी संशोधनाचा सामायिक क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच, सांभाळते. आमची मुलं ३ तासांच्या कामाला ४८ तास मागायची, कारण मागितलेला वेळ संपला की मध्येच काम कापलं जाईल याची भीती. शेड्युलर, म्हणजे कामांना जागा वाटणारा प्रोग्राम, मोकळ्या फटींत छोटी कामं बसवतो, पण सगळ्यांनीच ४८ लिहिल्यावर तो काय बसवणार? नोड (क्लस्टरमधले संगणक) रिकामे आणि रांग लांब, दोन्ही एकाच वेळी. दंड लावून बघितला, लोक चिडले. मग दर सोमवारी मागितलेलं आणि वापरलेलं, गाइडच्या नावासकट, सगळ्यांना मेल करायला लागले. दीड महिन्यात मागण्या निम्म्यावर आल्या. एका सरांनी मला केबिनमध्ये बोलावून झापलं, पण पुढच्या सोमवारी त्यांचाही आकडा खाली होता.

वर्धारोड_क्लाउड
ताई, हे मी करून बघतो. आणि जुनी_शुक्रवारी, ठीक आहे. सीपीयू एकाला तीनपर्यंतच, रॅम अजिबात ताणणार नाही, तीन शिक्षणसंस्था एका होस्टवर ठेवणार नाही. आठ म्हटलं ते रागात म्हटलं. पण ती १४ महिन्यांची मशीन मी या शनिवारी उडवणार, त्यावर चर्चा नको.

जुनी_शुक्रवारी
उडवू नका, आधी नुसती बंद करा आणि डिस्क राहू द्या. आम्ही अशीच एक बंद केली होती, जूनमध्ये. कोणाचा फोन नाही, काही नाही. डिस्क पुसायची राहून गेली, एवढंच नशीब. ३१ मार्चला रात्री साडेनऊला अकाउंट्सचे काका धापा टाकत वर आले. ती मशीन वर्षातून त्या एका रात्रीच जागी व्हायची.